कोंडाईबारीच्या घाटात सांडलेलं पाणी

तुम्ही गेल्याच्या चौथ्या दिवशी बाया बसायला आल्या होत्या, तेव्हा मी हसले. पदर तोंडावर होता म्हणून निभावलं. शोभा, म्हणजे आपल्या रमेशभाऊंची बायको, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला वाटलं, मला हुंदका आवरत नाहीये. धाकट्या जावेनं इतक्या मायेनं पाठ चोळावी आणि आपण पदराआड हसत असावं, याचं मला वाईटही वाटलं.

हसू आलं ते भागाकाकूंमुळे. तुमच्या या काकू सत्तरीच्या पुढे गेल्या तरी त्यांचा आवाज तसाच खणखणीत आहे. चादरीवर बसल्या बसल्या त्या सगळ्यांना सांगत होत्या, "आप्पास्ले बायास्नी भलती काळजी व्हती. गावले जातांना दर दीड तासले गाडी थांबाडेत. म्हनेत, बायास्ले तरास नको." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, असा माणूस शोधून सापडायचा नाही. कोसाडच्या आपल्या गल्लीत त्या दुपारी बाया जेवढ्या रडल्या, त्यातलं निम्मं रडू त्या थांबणाऱ्या गाडीपायी होतं. आणि गाडी मुळात कुणासाठी थांबायला लागली, हे त्या चादरीवर मला एकटीला ठाऊक होतं.

काल तुमचं गंधमुक्तीचं कार्य उरकून मी गावाहून परत आले. किशोर आजपासून कामावर गेलाय. धागा कटिंगच्या साड्यांचा गठ्ठा दारामागे तसाच पडून आहे, त्याला हात लावावासा वाटत नाही. म्हणून वही घेऊन बसलेय. तुम्ही असताना बोलायचं राहिलं ते लिहिते. नववी शिकलेल्या बाईला जमेल तसं. निदान तुम्ही मध्येच "मुद्द्यावर ये" म्हणून तोडणार नाही, एवढा फायदा आहे.

तीन वर्षांपूर्वी तुमचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, काही दिवस लघवीवर ताबा राहणार नाही, मग येईल हळूहळू. त्या काही दिवसांचे सहा महिने झाले. खोकला आला की थेंब, जिना उतरलात की थेंब, हसलात तरी थेंब. म्हणून तुम्ही हसणंच सोडलंत. एकदा तुम्ही मोरीत नळ सोडून रडत होतात. बादली भरून वाहत होती तरी नळ चालूच. मी दाराबाहेर उभी होते. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते आज सांगते, रागवायचं तर रागवा. माझ्या मनात आलं, बरं झालं, आता कळेल. पुढच्याच क्षणी मला माझी इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. मी दार वाजवलं आणि म्हटलं, पाणी वाया चाललंय. तुम्ही नळ बंद केलात. असं वाईट माझ्या मनात का यावं, ते पुढे सांगते.

रडणं त्या एका दिवसापुरतंच. नंतर तुमच्यातला मास्टर जागा झाला. पलसाण्याच्या मिलमध्ये तीस वर्षं कापड रंगवलेला माणूस तुम्ही. कोणतं कापड किती पाणी पितं हे तुम्हाला नुसतं चिमटीत धरून कळायचं. मी घरातल्या साड्यांच्या तुकड्यांच्या घड्या शिवल्या, तर तुम्ही एक उचलून म्हणालात, "हाई पॉलिस्टर शे. हाई पानी धरस नही." सगळं सुरत पॉलिस्टरवर जगतं आणि आपल्या गरजेला एक वीत कामाची नाही, असं म्हणून तुम्ही स्वतःवरच चिडलात. मग मी तीन तऱ्हेचे डायपर आणले. तुम्ही मोरीत पाट मांडून बसलात, पेल्यात निळा रंग कालवलात, आणि एकेका डायपरवर ओतून घड्याळात बघत राहिलात. कुठला किती वेळ धरतो, कड कुठून फुटते, बसल्यावर किती आणि उभं राहिल्यावर किती. मला हाक मारून दाखवलंत. लहान मुलानं पतंग दाखवावा तसे दिसत होतात तुम्ही.

पँटचंही तसंच. राखाडी बाद, खाकी बाद, कारण ओल त्यांच्यावर सगळ्यात आधी उमटते. काळ्यावर दिसत नाही, पण सुकली की पांढरी कड उरते. शेवटी गडद चॉकलेटी रंग ठरला. तुम्हाला तो रंग जन्मात कधी आवडला नव्हता.

डायपर आणायला मी अमरोलीला जायची. कोसाडच्या मेडिकलवाल्याला आपलं अख्खं खानदान माहीत. अमरोलीचा दुकानदार पहिल्याच दिवशी भर गर्दीत मोठ्यानं बोलला, "बा माटे के दादा माटे?" आजीसाठी की आजोबांसाठी, विचारत होता. माझ्या तोंडून निघालं, सासूबाईंसाठी. तुमची आई जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. घरी येऊन सांगितलं तर तुम्ही पोट धरून हसलात, आणि हसल्यामुळे व्हायचं ते झालं. मग आणखीनच हसलात. हसणं सोडल्यापासूनचं तुमचं ते पहिलं हसणं. वापरलेले डायपर मी वर्तमानपत्रात गुंडाळून साडीच्या रिकाम्या खोक्यात घालायची आणि सकाळच्या कचरागाडीत स्वतःच्या हातानं टाकायची. शेजारणीला वाटायचं, माझं साड्यांचं काम भलतंच वाढलंय.

घरात सगळं जमत होतं. धास्ती होती श्रावणाची.

आपली भाऊबंदकी सुरतेत येऊन पांगलेली. कुणी कोसाडला, कुणी चलथाणला कारखान्याजवळ, कुणी पलसाण्याला. वर्षातून एकदा श्रावणात कानबाई बसते, तिच्या रोटांच्या नैवेद्याला सगळे एका गाडीत बसून साक्रीकडे आपल्या गावी जातात. ती गाडी तुमची. ठरवायची तुम्ही, माणसं गोळा करायची तुम्ही, ड्रायव्हरशेजारी बसायचं तुम्ही. आणि तुमचा नियम. सोनगडला चहाला पंधरा मिनिटं, त्यानंतर गावापर्यंत गाडी थांबायची नाही. निघताना तुम्ही दारात उभं राहून सांगायचात, "ज्याले जानं शे त्यानी आतेच जाई ल्या." एकदा थांबलं की माणसं पांगतात, तासभर जातो, रोटांची वेळ टळते. तुमचं चूक नव्हतं. शिवाय तुम्ही मिलचे. कापड रंगात असताना मशीन सोडून जाता येत नाही, कापडावर डाग पडतो. तीस वर्षं तुम्ही रोखून धरलंत. "मानूसले रोकता येवाले जोयजे," हे तुमचं नेहमीचं वाक्य.

पण सोनगडला तुम्हा पुरुषांना कुठलीही भिंत चालायची. आम्हा बायांना हॉटेलामागचं अंगण, आणि तिथे चार माणसं भांडी घासत बसलेली. म्हणून आम्ही जायचोच नाही. त्यापेक्षा पाणी पिणं सोडायचो. आदल्या संध्याकाळपासून घोट घोट. तहानेनं जीभ टाळूला चिकटली तरी बाटलीला तोंड लावायचं नाही. हे आम्ही बाया एकमेकींना सांगायचोही नाही, लग्न होऊन आलेली नवी सून बघून बघून शिकायची.

ऑपरेशननंतरचा पहिला श्रावण आला तेव्हा मी म्हटलं, या वर्षी गाडी दोन-तीनदा थांबवा. तुम्ही म्हणालात, लोक विचारतील आप्पाला काय झालं. मी म्हटलं, मग रमेशभाऊंना नेऊ द्या गाडी. त्यावर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तुम्हाला गाडी हवी होती. सगळ्यांच्या पुढची ती एक सीट. मिल सुटल्यापासून तुमच्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि ते मला कळत होतं म्हणून मी पुढे काही म्हटलं नाही.

मग तयारी केली. जादाचे डायपर ठेवायचे कुठे? सामानात बायांचे हात फिरतात, कुणी चिवडा शोधतं, कुणी पोराचा स्वेटर. मी लाल कापडाची थैली शिवली आणि सगळ्यांना सांगितलं, कानबाईचं सामान आहे, अंघोळीशिवाय हात लावू नका. एकीनंही लावला नाही. तुम्हाला हे नवापूरजवळ कळलं. तुमचा चेहरा पडला. तुम्ही त्या थैलीला हात जोडलेत, आणि मागून भागाकाकूंनीही जोडले.

कोंडाईबारीच्या घाटात पुढे ट्रक उलटला होता. गाड्या अडकल्या. अर्धा तास, मग एक तास, मग दीड. तुम्ही पेल्यांनी केलेला हिशेब दीड तासाचा, सोनगडपासून तो कधीच उलटून गेला होता. मी तुमच्या मागच्याच सीटवर होते. तुमच्या मानेवरून मला कळायला लागलं, ताठ झाली होती. तेवढ्यात मागून रमेशभाऊ ओरडले, "आप्पा, खाली उतरीसन देखा ना काय व्हयनं." गाडीचा म्होरक्या तुम्ही, तुम्हीच उतरायला हवं. सगळी गाडी तुमच्याकडे बघायला लागली. तुम्ही उठला नाहीत. अर्धवट मागे वळून माझ्याकडे पाहिलंत. दवाखान्यातही तुम्ही असे दिसला नव्हतात. सीटचं रेक्झिन फिकट होतं.

मी बाटली उघडली. "घ्या, आधी पाणी प्या," म्हणत पुढे झुकले आणि अख्खी बाटली तुमच्या मांडीवर उलटी केली.

"वहिनी, बाटली धरता बी येस नही का तुम्हले?" रमेशभाऊ चिडले. "आखा मानूस भिजाडी टाका." तुम्ही क्षणभर थिजलात, आणि मग तुम्हाला समजलं. तुम्ही वरून मलाच झापलंत, "डोया फुटनात का तुन्हा?" इतकं झकास झापलंत की शोभाला माझी दया आली. भिजलेल्या माणसाला कपडे बदलायला जावंच लागतं, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. देवीचं सामान भिजलं का बघतो म्हणत तुम्ही लाल थैली घेऊन एका ट्रकच्या आडोशाला गेलात. तिथे कळलं की मी डायपर भरले, पण जादाची पँट भरायला विसरले. पूजेचं धोतर तेवढं थैलीत वर ठेवलेलं, थैली खरी वाटावी म्हणून. तुम्ही ते नेसून गाडीत चढलात. भागाकाकू म्हणाल्या, बघा, आप्पा आत्तापासूनच सोवळ्यात आले.

गावी पोचल्यावर तुम्ही दोनदा अंघोळ केलीत आणि कानबाईपुढे एक नारळ जास्त फोडलात. मला कोपऱ्यात घेऊन म्हणालात, देवीच्या नावावर काय काय वाहून आणलं आपण, पाप लागेल. मी म्हटलं, देवी बाई आहे, तिला समजेल. तुम्ही म्हणालात, बाई आहे म्हणून काहीही समजून घ्यायचं का तिनं? हे आपलं भांडण संपलंच नाही. तुम्ही दरवर्षी तो जादाचा नारळ फोडत राहिलात.

त्याच दिवशी, रोटांचं पीठ मळून मी हात धूत होते, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, "तुले हाई इतलं झटकन सुचनं कसं?"

मी म्हटलं, "सुचनं."

येताना तुम्ही नवा नियम सांगितलात. दारात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा, की आता दर दीड तासानं गाडी थांबेल, बायास्ले तरास व्हस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोसाडला येऊन दार लावेपर्यंत मी दम धरला आणि मग सुटले. वीस-पंचवीस वर्षं बाया तहानलेल्या बसल्या तेव्हा त्रास दिसला नाही, आणि आज स्वतःवर आल्यावर बायांचं नाव पुढे? तुम्ही खाली बघून म्हणालात, मग काय सांगू, माझं गळतं म्हणून? मी परातीत पीठ ओतलं. थोड्या वेळानं तुम्ही हळूच म्हणालात, नाहीतरी तुमचं कामच झालं ना? ते खरं होतं, म्हणून आणखी राग आला. त्या रात्री मी तुम्हाला भाकरी थापून दिली, पण कांदा चिरून दिला नाही.

पण एक कबूल करते. सबब म्हणून सुरू केलेलं तुम्ही सबब म्हणून ठेवलं नाहीत. पुढच्या श्रावणाच्या आधी तुम्ही किशोरच्या मोटरसायकलवर मागे बसून पार नवापूरपर्यंत जाऊन आलात. कुठल्या पेट्रोल पंपावर संडास आहे, कुठे कडी लागते, कुठे पाणी येतं, कुठे बायांच्या दाराला कुलूप घालून ठेवलेलं असतं. बारडोलीच्या पुढे एका पंपावर चावी देत नव्हते, तर तुम्ही मॅनेजरशी गुजरातीत भांडलात. आणि गाडी थांबली की तुम्ही आधी स्वतःचं उरकून यायचात, ते तेवढं मलाच कळायचं, पण मग शेवटची बाई बाहेर येईपर्यंत दाराकडे पाठ करून राखण करत उभे राहायचात. त्या वर्षी भागाकाकूंनी चालत्या गाडीत थर्मासमधला चहा प्यायला. म्हणाल्या, या रस्त्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा काही प्यायले. म्हणजे त्या दुपारी चादरीवर त्या बोलल्या ते खोटं नव्हतं. मी हसले, पण खोटं नव्हतं.

तुमचा प्रश्न काही सुटला नाही. मधूनच विचारायचात. भाजी निवडताना, साडीचे धागे कापताना, एकदा तर डॉक्टरांच्या बाकावर बसलेलो असताना. "सांग ना, किशोरनी माय, कसं सुचनं?" मी म्हणायची, असंच. तुम्ही म्हणायचात, खोटं बोलतेस. शेवटी छातीत दुखायला लागून दवाखान्यात नेलं, तेव्हा दुपारी नर्स बाहेर गेल्यावर तुम्ही पुन्हा विचारलंत. नाकाला नळी, आवाज धड निघत नव्हता, तरी तोच प्रश्न. मी म्हटलं, घरी चला, मग सांगते. मला वाटलं, या लालचीनं तरी याल.

आला नाहीत. म्हणून आता सांगते.

किशोर पाच महिन्यांचा होता. बाळंतपण किती अवघड गेलं ते तुम्हाला माहीत आहे, त्यानंतर माझ्या अंगात काय बिघडलं ते माहीत नाही. मला धरवत नव्हतं. तुम्हाला ऑपरेशननंतर खोकल्यावर व्हायचं ना, तसंच. बावीस-तेवीस वर्षांची पोर मी, कुणाला सांगणार? आईला सांगितलं तर ती म्हणाली, होतं असं बायांना, बोलायचं नसतं. मी जुन्या लुगड्याच्या घड्या करून वापरायची. त्या श्रावणात रोटांना निघालो. सोनगडला किशोर अंगावर पीत होता, मी उतरले नाही. नवापूर ओलांडलं आणि मला कळलं, आता नाही राहणार. मी पुढच्या सीटवरच्या पोरीकरवी निरोप पाठवला, काकांना सांग, काकूला उतरायचंय. तुम्ही मागे वळलासुद्धा नाहीत. ड्रायव्हरशेजारून मोठ्यानं म्हणालात, "सोनगडले काय झोपेल व्हती का?" सगळी गाडी हसली. गाडी थांबली नाही.

दहा मिनिटांनी माझी साडी भिजली. किशोरला अंगावरचं पुरायचं नाही, म्हणून त्याच्या दुधाच्या बाटलीसाठी उकळून आणलेलं पाणी होतं स्टीलच्या डब्यात. मी झाकण काढलं आणि ते सगळं मांडीवर उपडं केलं. डबा खाली पडून वाजला. तेव्हा वळलात तुम्ही. म्हणालात, पोराचं पाणी सांडलंस, अक्कल आहे का? भागाकाकू शेजारी होत्या. त्यांनी नुसती खिडकी उघडली. गाव येईपर्यंत मी ओल्यात बसून होते आणि किशोर भुकेनं रडत होता.

असं सुचलं. मला घाटात काही नव्यानं सुचायचं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग आधी का नाही सांगितलंस. मी बऱ्याचदा तोंडापर्यंत आणलं. तुमच्यावर चिडले की हे फेकून मारावंसं वाटायचं, आणि तुमची माया आली की सांगून मोकळं व्हावंसं वाटायचं. चिडलेली असताना सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा त्या पुढच्या सीटवर बसला नसतात. मायेत असताना धीर झाला नाही. तुमचं सगळं मी धुतलं, पुसलं, लपवलं, त्याची मला एक दिवस किळस वाटली नाही. पण माझं तुम्हाला दाखवायला मला लाज वाटली. सव्वीस वर्षं वाटली. तुम्ही मोरीत बसून मला निळं पाणी दाखवत होतात, तेव्हा सांगायला हवं होतं. तुम्ही ऐकलं असतं. त्या दिवशी तुम्ही नक्की ऐकलं असतं, आणि मी फडकं आणायचं निमित्त करून उठून गेले. हे मला फार लागतंय.

आता परवाचं. दहाव्याला सगळी भाऊबंदकी पुन्हा एका गाडीत बसून गावी निघाली. पहाटेचं उजाडताना निघालो. तुमच्या सीटवर रमेशभाऊ बसले. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, कुणीतरी बसायलाच हवं. निघताना ते दारात उभे राहून म्हणाले, कार्याची वेळ गाठायची आहे, ब्राह्मण थांबणार नाही, म्हणून आज मध्ये कुठे थांबायचं नाही. मी बघत होते. शोभानं हातातली बाटली पिशवीत घातली. भागाकाकूंनी थर्मास काढलाच नाही. दोन वर्षांत शिकलेलं एका वाक्यानं गेलं.

व्यारा गेलं, सोनगड गेलं. मला लागली होती. आता वय झालंय, मलाही पूर्वीसारखं होत नाही. मी शेजारी बसलेल्या किशोरच्या कानात सांगू शकले असते. शोभाकरवी निरोप पाठवू शकले असते. दहा दिवसांची विधवा मी, त्या गाडीत मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मी उठून उभी राहिले, पुढच्या दांडीला धरलं आणि म्हटलं, "भाऊ, गाडी थांबाडा. माले लघवीले जानं शे."

किशोर खालच्या आवाजात म्हणाला, "मम्मी, धीरे बोलो ना." त्याला काय सांगू, याच रस्त्यावर मी मांडीवर सांडलं ते त्याच्याच दुधाचं पाणी होतं. रमेशभाऊ पुढे बघत म्हणाले, वहिनी, उशीर होतोय. मी म्हटलं, होऊ द्या. आप्पा थांबतील. मग ड्रायव्हरला पुन्हा तेच वाक्य सांगितलं, आता हिंदीत, म्हणजे समजलं नाही असं त्याला म्हणता येणार नाही.

तुमच्याच यादीतला पंप होता, नवापूरच्या अलीकडचा. मी उतरले तशा भागाकाकू उठल्या. "चाल व माय, मी बी येस." त्यांच्या मागून शोभा, शोभाच्या मागून सगळ्या. तुम्ही बायांचं नाव सांगून गाडी थांबवायचात. मी माझं सांगितलं, एवढाच फरक. पण मला हलकं वाटलं, आणि तुमची इतकी आठवण आली की त्या पंपाच्या संडासात कडी लावून मी पहिल्यांदा नीट रडले.

बाहेर आले तर बाया चढून बसल्या होत्या. मी चढले. गाडी मात्र हलेना. ड्रायव्हर आरशात बघत होता. पुढची सीट रिकामी होती. "आते रमेशभाऊ कोठे ग्यात?" कुणीतरी विचारलं. शोभानं माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर खाली केली. तेवढ्यावरून मला कळलं. रमेशभाऊंनाही आता साठी लागेल. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागून कुणी हॉर्न वाजवायला सांगत होतं. मी ड्रायव्हरला म्हटलं, वाजवू नको, घाई नाही.

ते आले तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. ते बसल्याचं ऐकू आलं, तेव्हा म्हटलं, चाल आता.